उघडून बघितलंत का?

ओरिजिनलवाला माणूस ओळखायला वेळ लागत नाही. फराळाला आला की तो चकली बाजूला ठेवून सोऱ्या बघायला मागतो. पितळेचा आहे, की वरून नुसता मुलामा? हिंगाची डबी उलटी करून बारीक अक्षरं वाचतो. तुमच्या घड्याळाचं कौतुक करताना तुमचं मनगट हातात घेतो आणि सेकंदकाटा सरकतोय की उडी मारतोय ते बघत राहतो. तुमच्याही नात्यात असा एखादा असेलच. आमच्याकडे तो थेट बायकोचा धाकटा भाऊ आहे, त्यामुळे त्याला घराबाहेर काढायची सोय नाही. वय चाळिशीपार, पगार माझ्यापेक्षा जास्त, नाव पिंट्या.

पिंट्याच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी एक स्क्रूड्रायव्हर असतो. सोसायटीतली मुलं त्याला ‘टेस्टरकाका’ म्हणतात. त्याला ते आवडत नाही. “हा टेस्टर नाहीये. जपानी स्क्रूड्रायव्हर आहे. जपानी स्क्रूची फुली वेगळी असते, आपला साधा स्टार त्यात नीट बसत नाही, घसरतो आणि स्क्रूचं डोकं खातो.” एवढं ऐकून घ्यायला मुलं थांबत नाहीत. आम्हाला थांबावं लागतं. आणि हे सगळं ज्या एका वाक्यासाठी खिशात बाळगलेलं असतं ते वाक्य मग येतंच, “भावोजी, उघडून बघितलंत का?”

मी देवगड हापूसची पेटी आणली. पिंट्याने ती दारातच अडवली. “पेटीवर देवगड लिहिलंय. पेटी देवगडची असेलही. आत काय आहे? उघडून बघितलंत का?” हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून कर्नाटकातला आंबा कोकणी पेटीत घालून विकणाऱ्यांचा तो स्वतःला सरकारी तपासनीस समजतो. पेटी उघडली, पेंढा उपसला, वरचा थर, खालचा थर. एक आंबा कापला. साल पातळ आहे म्हणाला, पण एकावरून काय कळणार? दुसरा कापला, मग तळातला एक, मग कोपऱ्यातला एक. शेवटी पेटी ओरिजिनल निघाली. तोवर पेटीत सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं.

लग्नात तर त्याला बोलवूच नये. आमच्या एका मामींनी सुनेला पैठणी दिली. सगळ्या बायका पदरावरच्या मोरांचं कौतुक करत होत्या, तेवढ्यात हा पुढे. “मामी, जरा उलटी बाजू दाखवा. हातमागाचा पदर दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो. मागे धागे लोंबत असले तर पॉवरलूम.” मागे धागे लोंबत होते. मामी तेव्हापासून आमच्याकडे येत नाहीत. मध्यंतरी आमचा मिक्सर घरघरायला लागला, तर पिंट्या म्हणाला, “वाइंडिंग तांब्याचं आहे की अ‍ॅल्युमिनियमचं? उघडून बघितलंत का?” आणि मिक्सर पिशवीत घालून घेऊन गेला. सोसायटीच्या सभेत लिफ्टच्या दुरुस्तीचा विषय निघाला, तेव्हा कंपनीचे सुटे भाग घ्यायचे की बाहेरचे, यावर चर्चा चालू असताना पिंट्या सभेत नव्हता. तो लिफ्टमध्ये होता, आणि बटणांची पाटी त्याच्या मांडीवर होती. तो आमच्या सोसायटीत राहतही नाही.

पण हे सगळं किरकोळ. त्याचा खरा प्रांत व्हिडिओ गेम.

झालं असं, की चिरंजीवांनी हट्ट धरला म्हणून मी हजार-बाराशेचा एक छोटा टीव्ही गेम मागवला. राखाडी डबी, दोन रिमोट, वर ‘६२० गेम्स’ असं छापलेलं. (जाणकार मंडळी ‘कंट्रोलर’ म्हणतात. आमच्या पिढीत गेमला रिमोट असतो आणि कॅसेट असते, आणि ती कॅसेट लागली नाही की तिच्यात फुंकर मारायची असते.) मुलगा टीव्हीसमोर मांडी घालून बसला होता. पिन घालणार, तोच दारात पिंट्या.

पुढचा पाऊण तास त्या डबीचे अवयव जेवणाच्या टेबलावर होते. आत तळहाताच्या निम्म्याएवढी हिरवी पाटी आणि तिच्या मधोमध डांबराचा वाळलेला थेंब पडावा तसा एक काळा ठिपका. बाकी काही नाही. डबी रिकामी. पिंट्याच्या चेहऱ्यावर शोधलेला चोर सापडल्याचं समाधान पसरलं. “बघा. ओरिजिनलमध्ये प्रोसेसर वेगळा, चित्र काढणारी चिप वेगळी, रॅम वेगळी. इथे सगळी गच्ची-तळघर एका चिपमध्ये कोंबलीत आणि वर इपॉक्सी ओतलंय. ह्याला काहीही चालत नाही. ‘कॅसलव्हेनिया ३’ची अमेरिकी कॅसेट असल्या क्लोनवर लावून बघा, अडकते. त्या कॅसेटमध्ये स्वतःचीच एक वेगळी चिप आहे, ती ह्या थेंबाला पेलत नाही.” आमच्या सात पिढ्यांत कोणी ‘कॅसलव्हेनिया ३’ खेळलेलं नव्हतं, आणि त्या डबीला कॅसेट लावायची खाचही नव्हती. तरी ती चालत नाही म्हणून त्या रात्री सगळ्यांनाच वाईट वाटलं. मग ६२० गेम्सची झडती झाली. एकच टँकचा गेम वेगवेगळ्या नावांनी येत राहिला, कुठे पहिल्या पातळीपासून, कुठे मधूनच. मुलगा सोफ्यावर झोपून गेला.

“मग घ्यायचं काय?” मी विचारलं. विचारायला नको होतं, पण जावयाला विचारावं लागतं.

पिंट्याने खुर्ची पुढे ओढली. चार रस्ते आहेत म्हणाला. पहिला, हा असला काळा थेंब. त्याबद्दल बोलायचं नाही. दुसरा, एमुलेशन. म्हणजे साध्या संगणकावर जुन्या यंत्राचं सोंग आणणारा प्रोग्राम. आणि इथे गंमत बघा, खुद्द निन्टेन्डोने २०१६ साली आपल्या जुन्या एनईएसची छोटी आवृत्ती काढली, ३० गेम आत भरून. अंगावर कंपनीचं नाव, खोक्यावर कंपनीचं नाव. पिंट्याने उघडून बघितला. जुन्या यंत्रातली एकही चिप नाही. लिनक्स चालवणारा एक चिमुकला संगणक.

“म्हणजे तो ओरिजिनल की डुप्लिकेट?” मी विचारलं.

पिंट्या बराच वेळ गप्प राहिला. मला वाटतं त्याच्या आयुष्यात त्याला एवढी धर्मसंकटाची वेळ दुसरी आली नसेल. “कंपनीने केलेला डुप्लिकेट,” तो शेवटी म्हणाला आणि घाईने तिसऱ्या रस्त्यावर गेला. एफपीजीए. ही अशी चिप, की तिच्या आतली मंडलं पाहिजे तशी जुळवता येतात. म्हणजे जुन्या चिपचं सोंग प्रोग्रामने आणायचं नाही, तिची अंतर्गत जोडणीच नव्या चिपमध्ये पुन्हा मांडायची. नव्या टीव्हीला सरळ एचडीएमआयने जोडता येतं, चित्र स्वच्छ, बटण दाबल्यावर उशीर नाही. जगातले समंजस लोक हा रस्ता घेतात. पैसे जास्त पडतात, पण कटकट नाही.

“मग तू हाच घेतलास?”

“छे,” पिंट्या म्हणाला. “तो ओरिजिनल नाही ना.”

चौथा रस्ता जपानचा होता. १५ जुलै १९८३ या दिवशी निन्टेन्डोने जपानमध्ये फॅमिकॉम बाजारात आणला, किंमत १४,८०० येन. मासायुकी उएमुरा नावाच्या अभियंत्याच्या हाताखाली तो तयार झाला. हे उएमुरा २०२१च्या डिसेंबरात वारले, त्या दिवशी पिंट्याने ऑफिसातून अर्धी रजा टाकली होती. कारण काय लिहिलं ते त्याने सांगितलं नाही, पण त्याचा साहेब नंतर घरी भेटायला आला होता म्हणे. तर असा फॅमिकॉम पिंट्याच्या ऑफिसातल्या मित्राने ओसाकाहून येताना आणला. मूळ रंग पांढरा आणि गडद लाल. आलेलं यंत्र मात्र चहाच्या रंगाचं. जुन्या प्लास्टिकमध्ये आग लागू नये म्हणून ब्रोमीनची संयुगं घालत, ती काळाने पिवळी पडतात. त्यावर उपाय हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ऊन. त्यामुळे एप्रिलमध्ये सासूबाईंच्या गच्चीत एका चादरीवर कुरडया होत्या आणि शेजारी पारदर्शक डब्यात पेरॉक्साइडमध्ये बुडवलेली फॅमिकॉमची कवचं. दोन्ही दिवसातून दोनदा उलटवायची जबाबदारी सासूबाईंवर. त्यांनी एका शब्दाने तक्रार केली नाही. फक्त त्या वर्षी कुरडयांना कोणी हात लावला नाही.

कवचं पांढरी झाली आणि मग खरा खेळ सुरू झाला. जपानात वीज १०० व्होल्टची, आपल्याकडे २३० ची. तो अडॅप्टर आपल्या भिंतीत घातला असता तर धूर निघाला असता. पिंट्याने वीट वाटावी एवढा ट्रान्सफॉर्मर आणला. मग टीव्ही. फॅमिकॉममधून चित्र बाहेर पडतं ते फक्त अँटेनाच्या वायरीने, आणि तेही जपानच्या चॅनल एक किंवा दोनवर. जपानचा चॅनल एक जिथे लागतो तिथे आपल्याकडे एफएम रेडिओ लागतो. भारतीय टीव्ही त्या गावाला जातच नाही. पिंट्याने टीव्ही चॅनल शोधायला लावला. टीव्ही शोधत राहिला. बाहेर रेडिओवर गाणी चालू होती, आत मुंग्या.

उपाय सोपा होता. चित्राच्या चिपच्या एका पायाला वायर जोडायची, एक ट्रान्झिस्टर, दोन-तीन रेझिस्टर, झालं, साध्या पिवळ्या पिनने चित्र येतं. पण त्यासाठी ओरिजिनल पाटीला डाग द्यावा लागणार होता. आणि डाग दिल्यावर ते ओरिजिनल राहणार का? पावसाळा या प्रश्नात गेला. फॅमिकॉम शोकेसमध्ये, झाकण काढलेला, स्क्रू एका वाटीत. पिंट्याची बायको पाहुण्यांना सांगायची, “हे यांचं ओरिजिनल. चालत नाही.” पाहुणे नक्की कशाबद्दल चाललंय म्हणून गोंधळायचे.

शेवटी दसऱ्याला पिंट्याने डाग दिला. आम्हाला सगळ्यांना बोलावलं. नवा सपाट टीव्ही वर्ज्य, कारण बंदुकीचा गेम त्यावर चालत नाही. पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, बंदूक तो प्रकाश टिपते. नवा टीव्ही चित्र दाखवायला किंचित उशीर करतो आणि तेवढ्यात बंदुकीचा हिशोब चुकतो. म्हणून बेडरूममध्ये २१ इंची डबा टीव्ही. फॅमिकॉमच्या रिमोटच्या वायरी यंत्रातूनच निघतात आणि बुटक्या असतात, त्यामुळे पिंट्या टीव्हीला जवळजवळ नाक लावून बसला. कॅसेट आत गेली. बटण सरकलं. मारियो उभा राहिला. रंग इतके ताजे, की मीसुद्धा मान डोलावली. मग गाणं सुरू झालं.

बायको आतून पोळ्या सोडून आली. हातावर पीठ. तिने दोन ओळी ऐकल्या आणि म्हणाली, “पिंट्या, हे असं पळतंय का रे?”

“असंच आहे, ताई. ओरिजिनल आहे.”

“आपलं असं नव्हतं. आपलं सावकाश होतं. आणि त्याचा आवाज जाड होता.”

मला वाटलं, आता हा चिडणार. पण पिंट्या शिक्षकाच्या आवाजात सांगू लागला. जपानी टीव्ही सेकंदाला ६० चित्रं दाखवतो, आपला जुना पाल टीव्ही ५०. गेमचं गाणं चित्राबरोबर चालतं. आपल्याकडच्या टीव्हीसाठी बनवलेल्या क्लोनांमध्ये सूर जवळपास तिथेच राहतो, लय मात्र सहातला एक भाग गमावते. आणि पुष्कळ क्लोनच्या चिपमध्ये नक्कल करताना आवाजाच्या दोन लहरींची अदलाबदल झाली होती, त्यामुळे तोच सूर वेगळ्या गळ्यातून आल्यासारखा लागतो. “म्हणजे आपण ऐकत होतो ते,” एवढं बोलून तो थांबला. मारियो जाऊन खड्ड्यात पडला. त्याने पुन्हा उभा केला नाही.

पुढची गोष्ट मला बायकोने रात्री सांगितली. १९९५ च्या दिवाळीत सासऱ्यांना बोनस मिळाला आणि त्यांनी बुधवार पेठेतून टीव्ही गेम आणला. त्या वर्षी आपल्याकडे अस्सल यंत्र मिळतच नव्हतं असं नाही. शॉ वॉलेस ही दारू बनवणारी कंपनी सेगाचा मेगा ड्राइव्ह विकत होती, १८,००० रुपयांना. ८० टक्के आयात शुल्क चुकवायला सेगाने तिच्याशी करार केला होता. अठरा हजारांत तेव्हा सासऱ्यांच्या घरातली बरीच मोठी खर्चाची यादी मिटली असती. त्यांनी आणलेलं पांढरं-लाल यंत्र हुबेहूब फॅमिकॉमसारखं होतं, आणि दुकानदाराने सांगितलं होतं, ओरिजिनल जपानी आहे. कॅसेटवर ‘९९९९९९९ इन १’ छापलेलं. सासऱ्यांनी वाड्यात सगळ्यांना बोलावून दाखवला. “जपानचा आहे. ओरिजिनल.” वाड्यातली पोरं रांगेत बसून खेळली. ताई मोठी म्हणून पहिला रिमोट तिचा, पिंट्याला कायम दुसरा, ज्याला स्टार्ट आणि सिलेक्टची बटणंच नव्हती. गेम थांबवायचा झाला तर त्याला ताईची परवानगी लागायची.

मग एकदा शाळेत कोणीतरी पिंट्याला सांगितलं, तुमचा डुप्लिकेट आहे, आतून तैवानचा असतो, उघडून बघ. पिंट्या घरी आला. बाबांना काही विचारलं नाही. तो तेव्हा दहा वर्षांचा होता.

दुसऱ्या दिवशी बायको भावाकडे गेली आणि माळ्यावर चढली. सासरे जाऊन आता काही वर्षं झाली. त्यांच्या जुन्या सुटकेसमागे, निळ्या चौकड्यांच्या चादरीत गुंडाळलेलं यंत्र निघालं. तळाला एका स्क्रूवर दुकानदाराचा कागदी वॉरंटी शिक्का, कडा पिवळ्या पडलेला, पण अख्खा. इतकी वर्षं मी जे वाक्य ऐकत आलो होतो ते मला परत करायची संधी आली होती, आणि ती सोडण्याइतका मी संत नाही. “काय पिंट्या,” मी म्हणालो, “उघडून बघितलास का?”

“नाही,” तो म्हणाला. खिशातला स्क्रूड्रायव्हर खिशातच राहिला. “बाबांनी आणलाय तो.”

यंत्र चालू झालं, म्हणजे फुंकर मारल्यावर. गाणं रेंगाळत, जाड आवाजात सुरू झालं. बायकोने न विचारता पहिला रिमोट उचलला. पिंट्याने मुकाट्याने दुसरा. टँकचा गेम लावला, तोच १९८५ चा नामकोचा ‘बॅटल सिटी’, विटांच्या भिंतीआड आपला गरुड सांभाळायचा तो. दोन मिनिटांत पिंट्या ओरडायला लागला, “ताई, मला नको मारूस! आपण एकाच बाजूला आहोत!” या गेममध्ये जोडीदाराला गोळी लागली की त्याचा टँक काही क्षण जागेवर थिजतो, आणि ताईला हे चांगलं माहीत होतं. शेवटी तिनेच आपली भिंत फोडून आपलाच गरुड उडवला आणि खापर पिंट्यावर फोडलं. माझा मुलगा मागे उभा राहून म्हणाला, “मामा, ह्यात आणि माझ्या ६२० मध्ये काय फरक आहे? सेमच तर आहे.”

पिंट्याने उत्तर द्यायला तोंड उघडलं. चिपा, मंडलं, लहरी, लय, सगळं त्याच्या तोंडापर्यंत आलेलं मला दिसत होतं. “तुझा पण आण,” तो म्हणाला. “जोडून बघू.”

मग हल्ली असं असतं, की रविवारी मामाकडे तिन्ही यंत्रं मांडलेली असतात. ओसाकाचा ओरिजिनल, बुधवार पेठेतला डुप्लिकेट, आणि आमची काळ्या थेंबाची डबी, जिचे स्क्रू पिंट्याने बदलून चांगले जपानी बसवून दिले आहेत. कुठला घ्यावा असं विचारायला आता त्याच्या ऑफिसातले लोकही येतात. तो त्यांना चार रस्ते सांगतो, कोष्टक काढून देतो, किंमती, केबल, टीव्ही, सगळं. ओसाकाचा लावून दाखवतो. माळ्यावरचा विचारला तर म्हणतो, तो विकायचा नाही, आणि त्याला हात लावायच्या आधी ताईला विचारा. मी त्याला परवा म्हटलं, निदान आमचा मिक्सर तरी दे, चटणी पाट्यावर वाटायची वेळ आली आहे. म्हणाला, “देतो ना भावोजी. वाइंडिंग तांब्याचंच निघालं. पण मोटर आत कुठली आहे हे तुम्हाला माहितीये का?”